सभासदाची ओळख, तिची किल्ली आणि सोसायटीचा कारभार

हमीभावाच्या खरेदीसाठीं नांव नोंदवावयास निघालेल्या शेतकऱ्याच्या पिशवींत काय काय असतें तें वाचकांस सांगावयास नको. सातबाराचा उतारा, आठ-अ, पीकपेऱ्याची नोंद, आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. खरेदी केंद्रास वस्तुतः चार गोष्टी समजल्या म्हणजे पुरे : समोर उभा असलेला मनुष्य तोच आहे काय, जमीन त्याच्या नांवें आहे काय, तींत सांगितलेलें पीक होतें काय, आणि पैसे कोणत्या खात्यांत जमा करावयाचे. एवढ्या चार उत्तरांसाठीं तो आपलें अर्धें दप्तर परक्या टेबलावर ठेवून येतो, आणि त्या प्रतींचें पुढें काय झालें हें त्यास कधींच कळत नाहीं. सातबारा हा सार्वजनिक अभिलेख आहे, तो कोणासही पाहतां येतो, हें खरें; पण आधार क्रमांक, बँकेचें खातें आणि सोसायटीकडील थकबाकी यांची गोष्ट तशी नाहीं.

'विकेंद्रित डिजिटल ओळख' आणि 'मोबाईलवरील मतदान' हे शब्द आतां सहकारी सोसायट्यांच्या सभासदांच्याही कानांवर येऊं लागले आहेत. ही व्यवस्था म्हणजे काय, तींत उपयोगाचें किती आणि नुसता डौल किती, हें समजून घेतल्याशिवाय कोणीही तिच्या बाजूनें अगर विरुद्ध हात वर करूं नये, म्हणून हा लेख. आमचें मत आधींच सांगून ठेवतों. यांतील गणिताचा भाग पक्का आहे. कच्चा राहतो तो पोटनियमांचा. सभासदाची किल्ली हरवली तर नवी कोणी द्यावी, दाखला रद्द कोणी करावा, आणि नियम बदलण्याचा अधिकार कोणास, हें ज्या योजनेंत आधीं लिहिलेलें नाहीं ती योजना सोसायटीनें घेऊं नये.

पूर्वीं माणसाची ओळख पाटील-कुळकर्णी पटवीत असत. गांव सोडलें कीं ती ओळख संपे. ही अडचण क्रमांकांनीं दूर केली. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं देशांतील पहिले आधार क्रमांक वांटले गेले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. आणि एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषि योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. या सोयी मोठ्या आहेत व त्यांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु अंगठा लावून ओळख पटवितांना दर वेळीं विचारणा एका मध्यवर्ती कोठाराकडे जाते. रेंज नसली कीं काम अडतें. खुरपें-कुदळ चालवून झिजलेलीं बोटें यंत्रावर उमटत नाहींत व म्हातारा मनुष्य आपल्याच गांवांत अनोळखी ठरतो. शिवाय सर्व गांवाचें धान्य एकाच पेवांत भरलें तर पेवाचें तोंड राखणाऱ्यावर सर्व भार येतो, तसें येथेंही होतें. आधारच्या कागदावरील क्यूआर चौकटींतील माहितीवर डिजिटल सही असते, आणि ती कोठारास न विचारतांही तपासतां येते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. तपासणें दूरच, पुष्कळ ठिकाणीं त्या चौकटीचीही झेरॉक्स काढून फायलींत लावतात!

डिजिटल सही म्हणजे काय तें येथें समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील सर्व इमारत या एका पायावर उभी आहे. १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनीं जोडकिल्लीची कल्पना प्रसिद्ध केली. गणितानें दोन किल्ल्या अशा घडवावयाच्या कीं एकीनें केलेली मोहोर दुसरीनें तपासतां यावी, पण दुसरी हातीं असूनही पहिली घडवितां येऊं नये. पहिली गुप्त ठेवावयाची, दुसरी चावडीवर लावली तरी चालते. रबरी शिक्का कोणत्याही कागदावर सारखाच उमटतो, म्हणून त्याची नक्कल होते. ही मोहोर प्रत्येक मजकुरागणिक निराळी उमटते. उताऱ्यांतील एक गुंठा इकडचा तिकडे केला तरी ती जुळत नाहीं.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्यानें अर्धें काम झालें. उतारा खरा आहे हें तपासणाऱ्यास कळतें. पण तो घेऊन आलेला मनुष्य उताऱ्यांतील खातेदारच आहे, हें त्या सहीवरून कळत नाहीं. सही देणाऱ्याजवळ किल्ली आहे, बाळगणाऱ्याजवळ नाहीं. नव्या व्यवस्थेंत ही उणीव भरून काढली आहे. तींत सभासदाजवळही स्वतःची जोडकिल्ली असते. सोसायटी दाखला देतांना त्यांत सभासदाची उघडी किल्ली नमूद करते. पुढें दुकानदारानें किंवा बँकेनें दाखला मागितला म्हणजे त्या क्षणीं एक नवी संख्या ती सभासदास देते, आणि सभासदाचा मोबाईल आपल्या गुप्त किल्लीनें त्या संख्येवर मोहोर करून दाखवितो. दाखल्यावर सोसायटीची मोहोर, संख्येवर सभासदाची, आणि दोन्ही जुळल्या कीं काम झालें. यांत सोसायटीस फोन करावा लागत नाहीं. सभासद कोणत्या दुकानांत गेला हेंही सोसायटीस कळत नाहीं. देणारा, बाळगणारा आणि पाहणारा हे तिघे वेगळे राहतात, आणि या वेगळेपणासच विकेंद्रितपणा म्हणावयाचें. इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक मंडळानें अशा दाखल्यांचा नमुना २०१९ सालीं आणि अशा ओळखींचा नमुना जुलै २०२२ मध्यें मान्य केला, त्यामुळें निरनिराळ्या गांवांचे दाखले एकमेकांस वाचतां येणें शक्य झालें आहे.

आतां पिशवीची गोष्ट. ठिबकच्या दुकानदारास अमुक मनुष्य सोसायटीचा सभासद आहे एवढेंच पाहावयाचें असतें. परंतु सोसायटीचा दाखला पाहतां त्याचे शेअर किती, कर्ज किती, थकबाकी किती हें सारें त्याच्या डोळ्यांपुढें येतें, आणि मग उधारीची भाषा बदलते. हा अनुभव वाचकांपैकीं कित्येकांस असेल. यावर युक्ति अशी : दाखल्यांतील प्रत्येक रकाना निराळ्या पाकिटांत घालून प्रत्येक पाकिटावर गणिती लाख लावावयाची, आणि सोसायटीनें आपली मोहोर रकान्यांवर न करतां त्या लाखेच्या खुणांच्या यादीवर करावयाची. सभासद दुकानांत सभासदत्वाचें पाकीट तेवढें उघडतो. आंतील मजकूर यादींतील खुणेशीं जुळतो, म्हणून तो खरा. बाकीचीं पाकिटें बंदच राहतात. लाख लावतांना प्रत्येक पाकिटांत एक मोठी यादृच्छिक संख्या टाकतात, नाहीं तर "थकबाकी होय कीं नाहीं" एवढ्या दोनच शक्यता ताडून पाहून चतुर मनुष्य बंद पाकीटही ओळखील. योजना मांडणाऱ्यास हा एक प्रश्न अवश्य विचारावा, कारण उत्तरावरून त्याचें ज्ञान कळतें.

ब्लॉकचेनसंबंधीं थोडेंच लिहितों. अनेकांकडे एकाच खतावणीच्या प्रती असाव्यात, प्रत्येक पानावर मागील पानाची खूण असावी, म्हणजे मागचें पान कोणास गुपचूप बदलतां येऊं नये, अशी ती रचना आहे. एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेक परक्या लोकांस ती उपयोगी पडते. आठशें सभासदांच्या सोसायटीस आपली उघडी किल्ली प्रसिद्ध करण्यासाठीं तिची गरज आम्हांस दिसत नाहीं. ती किल्ली जिल्हा बँकेंत, सहायक निबंधकांच्या कचेरींत व एखाद्या वर्तमानपत्रांत छापून ठेवली तरी भागतें. ब्लॉकचेन घ्यावयाचीच तर तींत सभासदाचें नांव, क्रमांक, कर्ज यांपैकीं एक अक्षरही घालूं नये. जेथें खोडतां येत नाहीं तेथें माणसाची खाजगी माहिती लिहिणें हें २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या रोखाच्या विरुद्ध आहे, कारण त्या कायद्यानें माहिती दुरुस्त करवून घेण्याचा व पुसवून घेण्याचा हक्क मान्य केला आहे.

मुख्य अडचण किल्ली हरवण्याची. मोबाईल विहिरींत पडतो, चोरीस जातो, पोरें खेळतांना फोडतात. मध्यवर्ती व्यवस्थेंत पुन्हां अंगठा लावला कीं झालें. येथें किल्ली सभासदाखेरीज कोणाजवळच नाहीं, आणि हीच तिची खुबी असल्यामुळें तीच तिची खोड आहे. सभासदाच्या बाबतींत उपाय साधा आहे. त्यानें कचेरींत समक्ष यावें, दोन सभासदांनीं ओळख द्यावी, जुना दाखला रद्द करावा आणि नव्या किल्लीवर नवा द्यावा. पण सोसायटीची स्वतःची मोहोर करण्याची किल्ली हरवली तर सर्वच दाखले अडतील, आणि ती एकट्या सचिवाजवळ असली तर तो हवे तितके खोटे सभासद निर्माण करूं शकेल. एकच मनुष्य अनेक नांवांनीं उभा राहणें हा अशा व्यवस्थांचा जुना रोग आहे, व त्यावर गणितांत औषध नाहीं; नवा सभासद प्रत्यक्ष पाहून घेणारीं माणसेंच लागतात.

सोसायटीच्या किल्लीपुरती एक सुंदर तोड १९७९ सालीं ॲडी शमीर या गणितज्ञानें दाखविली. ती शेतकऱ्यास बांधावर उभें राहून समजेल अशी आहे. समजा, एक सरळ बांध पुढें जाऊन विहिरीच्या लांब भिंतीस ज्या जागीं मिळतो ती जागा गुप्त ठेवावयाची आहे. बांध मोडून टाकला आणि त्याच्या रेषेवरील फक्त एक खुंटी ठेवली, तर त्या खुंटीवरून दोरी कोणत्याही दिशेस ताणतां येईल. भिंतीवरील कोणतीही जागा संभवनीय. दोन खुंट्या मिळाल्या कीं दोरी एकाच रेषेंत बसते व जागा उघड होते. त्याच रेषेवर पांच खुंट्या ठोकून पांच माणसांस एकेक दाखविली, तर कोणतेही दोघे मिळून जागा शोधतील, एकटा कोणीही शोधूं शकणार नाहीं, आणि तिघे मेले तरी काम अडणार नाहीं. दोघांऐवजीं तिघांची अट हवी असेल तर सरळ रेषेऐवजीं फेकलेल्या दगडाच्या वाटेसारखी कमान घ्यावी. ती ठरावयास तीन खुंट्या लागतात. संगणकांत जमिनीच्या ठिकाणीं संख्या असतात, एवढाच फरक.

सोसायटीच्या किल्लीचे असे पांच भाग करून ते अध्यक्ष, सचिव, जिल्हा बँकेचा निरीक्षक व सभेनें निवडलेले दोन साधे सभासद यांजकडे द्यावेत, असें आम्हांस वाटतें. पांचही भाग संचालकांतच वांटले तर वांटण्याचा अर्थ राहत नाहीं. आणखी एक बारकावा : हे भाग एकत्र केले कीं पुरी किल्ली क्षणभर एकाच संगणकांत येते, म्हणून ही तोड आणीबाणीपुरती राखावी. रोजच्या दाखल्यांसाठीं प्रत्येकाची निराळी किल्ली ठेवून पांचांपैकीं तिघांच्या सह्या असल्याशिवाय दाखला ग्राह्य नाहीं, असा नियम बरा.

दाखला रद्द करण्याचें कामही याच तोलाचें आहे. जमीन विकली, सभासद वारला, वाटणी झाली, तरी मोबाईलमधील जुना दाखला जसाच्या तसा राहतो व त्यावरील मोहोरही जुळते. म्हणून सोसायटीनें रद्द दाखल्यांची यादी प्रसिद्ध केली पाहिजे. नांवांची यादी लावली तर चारचौघांत अब्रू जाईल. यास्तव दर दाखल्यास एक जागा नेमून लांबच्या लांब शून्य-एकची ओळ प्रसिद्ध करतात. त्या जागीं एक आला कीं दाखला मेला. तपासणारा संपूर्ण ओळ उतरवून घेतो, त्यामुळें तो कोणाची चौकशी करीत आहे हें सोसायटीसही कळत नाहीं. परंतु त्या जागीं एक लिहावयाचा कोणीं? निवडणुकीच्या तोंडावर विरुद्ध पक्षाच्या चाळीस जणांचे दाखले 'चुकून' रद्द झाले तर? सभासदास आधीं लेखी कळविल्याशिवाय व त्याचें म्हणणें ऐकल्याशिवाय, मृत्यूखेरीज इतर कारणानें, दाखला रद्द होऊं नये, आणि रद्द करणाऱ्या तिघांचीं नांवें इतिवृत्तांत यावींत. हें कोणताही संगणक आपण होऊन करणार नाहीं.

थांबविण्याचा अधिकार कोणाजवळ तरी असावा लागतो, याचें उदाहरण युरोपांतील एस्टोनिया देशानें घालून दिलें आहे. हा देश सुमारें तेरा लाख वस्तीचा, म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढा. तेथें २००१ पासून सरकारी खात्यांची माहिती एका कोठारांत न भरतां ज्या त्या खात्याकडेच ठेवून, दर देवघेवीवर मोहोर करून ती परस्पर पाठविण्याची पद्धत आहे. २००२ पासून नागरिकांस किल्ली असलेलें कार्ड मिळतें. आणि आपली माहिती कोणी पाहिली हें नागरिकास पाहतां येतें. २०१७ च्या ऑगस्टअखेर संशोधकांनीं असें कळविलें कीं कार्डांतील चिपमध्यें किल्ल्या घडविण्याच्या रीतींतच दोष असून उघड्या किल्लीवरून गुप्त किल्ली काढतां येण्याजोगी आहे. साडेसात लाखांच्या आसपास कार्डें त्या दोषाचीं होतीं. सरकारनें दोष लपविला नाहीं. सप्टेंबरांत जाहीर केला, घरबसल्या नव्या किल्ल्या घेण्याची सोय केली, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं जुन्या किल्ल्यांचे दाखले स्थगित केले. कार्डें नवीं न वांटतां बहुतेक काम निभावलें. गणितांत खोट निघेल हें गृहीत धरून किल्ली पालटण्याची वाट आधींच बांधलेली होती, म्हणून हें साधलें.

याच्या उलट गोष्ट २०१६ सालची. 'द डीएओ' या नांवाची एक मंडळी इथेरियम नामक ब्लॉकचेनवर उभी राहिली. तीस संचालक नव्हते, कचेरी नव्हती. संगणकावरील आज्ञावली हाच तिचा पोटनियम, आणि ज्याचे पैसे जास्त त्याचीं मतें जास्त. जगभरांतून सुमारें पंधरा कोटी डॉलर जमले. १७ जून रोजीं कोणा एकानें आज्ञावलींतील एका फटींतून ३६ लाख ईथर वळवून घेतले. नियमांत फट होती, म्हणून नियमानुसार तें कृत्य बरोबर कीं चूक, यावरच वाद पेटला. शेवटीं २० जुलैला सबंध खतावणीचाच इतिहास पालटून पैसे परत मिळविले, आणि ज्यांस तें पटलें नाहीं त्यांनीं जुनी खतावणी निराळी चालविली. माणसांचें पंचमंडळ नको म्हणून निघालेल्यांस अखेर पंचायतच बसवावी लागली, आणि तीही नियम नसतांना.

मताच्या बाबतींत आपल्या हातांत त्यांच्याहून चांगली वस्तु आहे. १८४४ सालीं रॉचडेल येथील विणकरांनीं सुरू केलेल्या दुकानापासून सहकाराचा रिवाज माणशीं एक मत असाच आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ नें तो आपल्याकडे कायदा केला आहे. शेअर दहा असोत वा हजार. कोणीही शेअरच्या प्रमाणांत मतें मोजणारी आज्ञावली आणली तर ती दारांतूनच परत पाठवावी. संचालक मंडळाची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या हातीं असल्यामुळें ती मोबाईलवर नेणें सोसायटीच्या अधिकारांतलेंच नाहीं. विचार करावयाचा तो सभासदांचा कौल घेण्यापुरता.

गुप्त कौलांत अडचण अशी कीं मत देणारा सभासदच आहे हें सिद्ध व्हावें, पण कोणतें मत कोणाचें हें कळूं नये. डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकानें १९८२ सालीं यावर तोड काढली. मतपत्रिका आणि कार्बन कागद एका पाकिटांत बंद करून सभासद तें समितीपुढें ठेवतो. समिती सभासद ओळखून, पाकीट न उघडतां, वरूनच सही करते, व सही कार्बनमधून आंतल्या पत्रिकेवर उमटते. घरीं जाऊन सभासद पाकीट फेकून देतो आणि सहीची पत्रिका निनांवी पेटींत टाकतो. गणितांत याचीच हुबेहूब रीत आहे. पण घरांत बसून मत देतांना खांद्यावरून पाहणारा कोणी असेल तर त्यास गणित काय करणार? एस्टोनियांत २००५ पासून इंटरनेटवर मत देतां येतें. तेथें यासाठींच मत कितीही वेळां बदलण्याची मुभा ठेवली आहे. शेवटचें मत मोजतात, आणि केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलें तर इंटरनेटवरचें रद्द होतें. अशी मुभा नसलेली योजना आम्ही गुप्त मानणार नाहीं.

खांद्यावरून पाहण्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक लिहितों. सातबाऱ्यावर नांव असलेल्या पुष्कळ स्त्रियांचा स्वतःचा मोबाईल नाहीं. दाखला त्यांच्या नांवें आणि किल्ली मुलाच्या अगर दिराच्या खिशांत, अशी स्थिति झाल्यास यंत्र दर वेळीं "ओळख पटली" असें सांगेल आणि त्या बाईची संमति कोणीं दिली हें कोणासही कळणार नाहीं. कागदावर अंगठा घ्यावयाचा तर निदान बाईस समोर बसवावें लागे. सोसायटीनें म्हणून मोबाईलखेरीज चिपचें साधें कार्डही द्यावें, त्याचा गुप्त आंकडा सभासदानें स्वतः, एकट्यानें, कचेरींतील यंत्रावर घालावा, आणि ज्यास तेंही नको त्याचा कागदी दाखला व कागदी मत पूर्ववत् चालूं ठेवावें. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वीं भरवावी लागते. योजनेचा ठराव त्या सभेपुढें आणण्याआधीं सचिवांनीं सभासदांची यादी घेऊन घरोघर जावें आणि प्रत्येक नांवापुढें, मोबाईल स्वतःचा आहे कीं सामाईक, एवढा एकच रकाना भरून आणावा.